शिळ्या पाण्याचे नदाफ सर

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघर लग्नघाई असते. या दिवसाचा एक रिवाज आहे. नवं पाणी भरायच्या आधी जुनं ओतून द्यायचं. पिंप पालथं, घागर पालथी, बादल्या मोरीत रिकाम्या. जे पाणी कालपर्यंत आपण जिवापाड जपलं, सांडलं म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घातले, तेच पाणी नळाला धार आली की शिळं होतं. मी जन्माचा सोलापूरकर. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आम्ही या इमारतीत राहायला आलो, त्यानंतरच्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक उंचेपुरे गृहस्थ. पांढऱ्या मिशा, निळी ट्रॅकपँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"नमस्कार. मी नदाफ, खालचा. शिळं आहे का काही?"

आवाज असा की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. माणूस चांगल्या घरातला दिसत होता, पण वेळ काय कुणावर सांगून येते, असं म्हणून मी आत गेलो आणि कालची कडक भाकरी नि शेंगाचटणी ताटलीत घेऊन आलो. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या. दारात उभ्या उभ्या ती भाकरी खाल्ली. "चटणी मिक्सरची दिसते. लई बारीक झालीय," म्हणाले. मग हात झटकले आणि म्हणाले, "आता पाणी द्या की. शिळं पाणी. ओतून टाकणार असाल ते."

पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं, सर, त्या दिवशी मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "नवा माणूस पहिल्यांदाच काय तरी देऊ लालाय, त्याला नको म्हणू नये." मला दिलासा वाटला. नंतर कळलं की ही गोष्ट त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितली होती.

नदाफ सर एका शाळेत आयुष्यभर पीटी शिकवून रिटायर झाले होते. मैदानाच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या पोराची चड्डी वर ओढायला लावणारा तो आवाज. असा माणूस रिटायर झाल्यावर काय पाळेल? कुत्रा पाळेल, फार तर पोपट. सरांनी पाळले डिस्कस. हा ताटलीएवढा गोल, चपटा, तांबडालाल मासा दिसायला जितका देखणा तितकाच नाजूक. पाण्यात जरा फरक पडला की काळवंडतो, दार आपटलं की कोपऱ्यात जाऊन बसतो आणि रुसला तर दोन-दोन दिवस जेवत नाही. आमच्या घरात अशा स्वभावाचा एक माणूस आधीच आहे असं माझी बायको म्हणते. तिचा रोख कुणाकडे आहे ते मी विचारलेलं नाही.

शिळं पाणी लागायचं ते या माशांना. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. ते आपल्याला चालतं, माशाच्या कल्ल्यांना भाजतं. पाणी उघड्यावर चार दिवस ठेवलं की ते उडून जातं. म्हणजे अख्खं शहर जे पाणी नाक मुरडून मोरीत ओततं, तेच नेमकं सरांना हवं असायचं. "रोज पाणी येणाऱ्या गावात हा मासा पाळणं अवघड," ते म्हणायचे. "आपल्याकडं सोपं." सोलापूरच्या पाण्याबद्दल इतकं चांगलं बोललेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

टाकी हॉलमध्ये होती, आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं की सरांचा आवाज कुजबुजीवर यायचा. बाहेर जिन्यात ते गरजत असायचे, उंबरा ओलांडला की एकदम आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे. एकदा त्यांनी पंखा चुकीचा बसवणाऱ्या वायरमनला माझ्यासमोर झापलं. सगळं कुजबुजत. "अक्कल गहाण ठेवून आलास का बे," हे वाक्य इतक्या हळू आवाजात मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तो वायरमन एवढा घाबरला की त्यानं उत्तरही कुजबुजत दिलं.

याचा खरा फायदा घेतला शमीमभाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं. बारीक चणीच्या, कायम डोक्यावर पदर, आणि नवऱ्याच्या नेमक्या उलट, म्हणजे कमी बोलणाऱ्या. सर चिडून घरात शिरताना दिसले की त्या हातातलं काम टाकून टाकीशेजारी जाऊन उभ्या राहायच्या. मग सरांना जे काही म्हणायचं ते कुजबुजावं लागायचं, आणि कुजबुजत कुणाला फार वेळ रागावता येत नाही. "चाळीस साल की लडाई, एक टाकी ने मिटा दी," असं भाभी म्हणायच्या. माशांचं खाणंही त्याच करायच्या. कोळंबी, पालक, लसूण बारीक वाटून त्याच्या वड्या फ्रीजरमध्ये. लसणाचा वास जिन्यात यायचा. मी एकदा आशेनं विचारलंही, भाभी, आज काय बेत? त्या म्हणाल्या, "तुमचं न्हाई भाऊ, त्यांचं हाय."

काही माणसांना छंद जडतो. मला दुसऱ्यांचे छंद जडतात. सरांची टाकी बघून मीही टाकी आणली. त्यात निळे खडे टाकले, प्लास्टिकचं कमळ लावलं, उघडझाप करणारी खजिन्याची पेटी ठेवली आणि एक कवटीही. सर बघायला आले. सवयीनं कुजबुजले, "मासे कुठं ठेवणार?"

मासे मी ठेवले, पण ते राहिले नाहीत. मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करायचो. ब्रशनं काचा घासायचो, खडे परातीत धुवायचो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचो. स्वच्छतेच्या बाबतीत मला कुणी नाव ठेवू शकणार नाही असं मला वाटत होतं. एका रविवारी सर आले, स्पंज पिळताना बघितलं आणि मोठ्यानं ओरडले. आमच्याकडे कुजबुजायचं कारण एव्हाना उरलं नव्हतं.

"साफ करालाव का मारालाव ओ?"

मग त्यांनी समजावलं. त्या मळकट स्पंजातच माशांची घाण खाणारे जंतू असतात. टाकी चालते ती त्यांच्या जिवावर. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबायचा, बास. पाणी बदलायचं ते थोडं थोडं, पण नेमानं. "तुम्ही दर रविवारी त्यांचं गाव उठवता आणि नवीन वसवता," ते म्हणाले. "कोण राहील?" त्या टाकीत आता कांदे-बटाटे असतात. ते मात्र टिकतात.

एवढं सगळं बघूनही सरांनी एकदा मासे माझ्यावर सोपवले. अक्कलकोटला कुणाचं तरी लग्न होतं, दोघंही सकाळी निघाले. काम सोपं होतं. टाकीतून एक बादली पाणी काढायचं, शेजारच्या पिंपातून एक बादली घालायचं. पिंपात शिळं पाणी तयार होतं. मला सगळी माहिती होती. शिळं का आणि ताजं का नको, यावर मी ऑफिसात लोकांना व्याख्यानंसुद्धा दिली होती.

आणि नेमकं त्या दिवशी पाणी आलं.

डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. नळाची धार ऐकल्यावर सोलापूरकराचा हात जे करतो तेच माझ्या हातानं केलं. पिंप पालथं केलं, चांगलं खळखळून धुतलं, काठोकाठ ताजं भरलं आणि त्यातली बादली टाकीत ओतली. दुसऱ्याच्या घरी आपण किती नीट काम केलं म्हणून जरा अभिमानानं कंबरेवर हात ठेवून उभाही राहिलो. थोड्या वेळात लाल मासे काळे पडायला लागले. मग तिरके झाले आणि पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. मी फोन केला. लग्नातलं जेवण तसंच सोडून दोघं परत आले.

सरांनी टाकीत बघितलं, पिंपात बघितलं, हवेचा पंप मोठा केला आणि मला म्हणाले, "चला, शिळं पाणी आणू." आता गंमत अशी, की पाण्याचा दिवस असल्यामुळे आमच्या अख्ख्या इमारतीत शिळं पाणी औषधालाही उरलं नव्हतं. सगळ्यांनी ओतून दिलेलं. पलीकडच्या कॉलनीत पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं, म्हणजे तिथं शिळं पाणी होतं. पण तिथं ते अजून शिळं झालेलं नव्हतं. तिथं तो शेवटचा साठा होता, आणि लोक त्याच्यावर नाग होऊन बसले होते.

मी स्कूटरच्या मागे, मांडीवर दोन कॅन. सर दारोदार फिरत होते. एका बाईंना ते म्हणाले, "ताई, उद्या हे टाकूनच देणार की नाही? मग आज द्या."

"उद्या पाणी नाही आलं म्हणजे?"

"येतंय ओ."

"तुम्ही सोडणार हाय काय?"

सर पुढच्या दाराकडे वळले. शेवटी एका घरातून एक टक्कल पडलेला माणूस बनियनवरच धावत बाहेर आला आणि सावधान पवित्र्यात उभा राहिला. तो सरांचा विद्यार्थी निघाला. आता त्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, पण आवाज ऐकून तो पुन्हा सातवीत गेला होता. त्यानं पिंपच उचलून दिलं. मासे वाचले. एका माशाचा पर झडला तेवढाच. तो विद्यार्थी तेव्हापासून कारखान्यातले सेकंडचे, म्हणजे विणीत खोट राहिलेले टॉवेल टाकी पुसायला पाठवायला लागला, ते आम्हालाही मिळायचे. त्यामुळे माझ्या चुकीनं दोन्ही घरांचा फायदाच झाला असं मी म्हणतो. बायको म्हणू देत नाही.

सर मला रागावतील म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी पिंपासमोर खुर्ची टाकली आणि ते पिंप वरपासून खालपर्यंत निरखलं. मग म्हणाले, "रांग वाकडी आली तर पोराला मारू नये काटकर. आधी चुन्याची रेघ बघावी. रेघच वाकडी असंल तर पोरगं काय करंल?" दुसऱ्या दिवशी तिथं दोन पिंपं आली. एकात पाणी मुरत ठेवायचं, दुसऱ्यातलं वापरायचं. ताज्या पिंपाच्या तोटीला चिंधी बांधायची. चिंधीच्या तोटीला हात लावायचा नाही. माझी चूक होणारच हे त्यांनी गृहीत धरलं आणि ती करायला जागाच ठेवली नाही.

हा त्यांचा स्वभाव पुढे फार उपयोगी पडला, आणि तो ज्या कारणासाठी पडला ते कारण मात्र चांगलं नव्हतं.

भाभींची साखर जुनी होती. ती डोळ्यांत उतरली. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळा. राहिलं होतं ते फार थोडं. माणसं त्यांना आकारासारखी दिसायची, चेहरे नाहीत. पण तांबडा रंग हलला की दिसायचा. सरांना हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्यांनी टाकीतली सगळी झाडं उपटली. ती हिरवी बाग त्यांनी वर्षानुवर्षं वाढवली होती, बघायला लांबून लोक यायचे. झाडं गेली, लाकडं गेली, वाळू गेली. मागच्या काचेला पांढरा कागद लागला. आता पांढऱ्यावर फक्त लाल मासे.

"दिखा क्या?" सरांनी कुजबुजत विचारलं.

भाभींनी नाक काचेला लावलं. "दिखा. मोटा वाला भूका है."

त्याच सुमारास सरांच्या छातीतही दुखायला लागलं. पुण्याला लेक होती. तिनं तिथल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, ऑपरेशन करायचं ठरलं. लेक गुणी होती, चुकीचं काही बोलत नव्हती. अब्बा आता बादल्या उचलणार नाहीत, अम्मीला दिसत नाही, मग मासे कुणाला तरी देऊन टाका, घर बंद करा आणि दोघं इकडे या. भाभींचं यावर एकच वाक्य होतं. "मेरे को पुना नक्को." सर मला म्हणाले, "नव्या घरात ती भिंती चाचपत बसंल. हितं तिला हातानं सगळं घर दिसतं. आणि मासे गेले तर दिवसभर बघंल कशाकडं?" शेवटी बापलेकीत ठरलं असं, की ऑपरेशनला जायच्या आधी भाभींनी टाकीचं सगळं एकटीनं करून दाखवायचं. ते जमलं तर घरही जमेल. नाही जमलं तर मासे द्यायचे, कुलूप लावायचं.

मग सरांनी ती टाकी सोपी करायला घेतली. आणि प्रत्येक नवी सुधारणा झाली की मला खाली बोलवायचे. मला फार बरं वाटायचं. ऑफिसात माझा सल्ला कुणी घेत नाही, घरात तर विषयच नाही, आणि इथं एक जाणता माणूस प्रत्येक गोष्ट आधी मला दाखवतो. मी हातातला चहा ठेवून जायचो.

बादली उचलणं बंद झालं. पिंपं उंच घडवंचीवर गेली, तिथून टाकीत पाइप. टाकीतलं पाणी काढायला दुसरा पाइप, खिडकीबाहेर पेरूच्या झाडाच्या बुंध्याशी सोडलेला. त्याचं आतलं तोंड टाकीच्या मध्यावर पक्कं केलेलं, म्हणजे तोटी बंद करायची विसरली तरी निम्म्याच्या खाली पाणी जाणार नाही. वरच्या कडेलाही एक वाट, म्हणजे जास्त झालेलं पाणी फरशीवर न येता आपोआप बाहेर. खाणं मोजायला बाटलीचं झाकण. तळ पुसायला लांब काठी, तिला टॉवेलचा तुकडा.

"डोळे मिटा," सर म्हणायचे. मी मिटायचो. माझ्यावर विश्वास नसल्यामुळे ते वरून टॉवेलही बांधायचे. "आता करा."

मी करायचो. चुकीची तोटी उघडायचो. काठी माशाला लावायचो. एकदा दोन्ही तोट्या एकदम उघडल्या आणि टाकीतून पाणी सरळ पेरूला जात राहिलं. पेरू त्या वर्षी चांगला आला. एकदा पाय पाइपात अडकून मी सोफ्यावर असा आदळलो की मासे दुपारपर्यंत जेवले नाहीत. दर चुकीला सर 'हं' म्हणायचे आणि पुढच्या वेळी ती गोष्ट बदललेली असायची. तोट्यांच्या मुठी वेगळ्या झाल्या, एक गोल, एक लांब. पाइप भिंतीला ठोकले गेले.

एक दिवस मी जरा नम्र चेहरा करून विचारलं, "सर, इमारतीत इतकी माणसं आहेत. तुम्ही मलाच का बोलवता?"

सर म्हणाले, "तुमच्याएवढं चुकणारं कोण हाय सांगा की. तुमच्या हातनं नीट झालं, म्हणजे कुणाच्याही हातनं होतंय."

मी वर आलो. बायकोला सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली आणि मग म्हणाली, "चला, कुणाच्या तरी कामाला आलात." दोन दिवस मी खाली गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सरांनीच हाक मारली आणि मी गेलो, कारण मनातल्या मनात मला त्या कामाची गोडी लागली होती. मी डोळे बांधून एकही चूक न करता सगळं पार पाडलं त्या दिवशी सरांनी माझी पाठ थोपटली आणि भाभींना म्हणाले, "अब तुम करो. काटकर को जमा."

आणि भाभींना जमेना.

म्हणजे हात बरोबर तोटीवर जायचा, पण सर शेजारी उभे. "एक, खाणं. दोन, गोल तोटी. थांब, थांब. दोन झालं का? चिंधी बघ. चिंधी कुठंय?" हे सगळं कानाशी, कुजबुजत. भाभींचा हात घुटमळायचा, परत मागं यायचा. एकदा त्यांनी रागानं काठीच खाली टाकली. पुण्याला जायचा दिवस जवळ आला होता. सर जिन्यात माझ्यापाशी थांबले. पहिल्यांदाच बाहेर असूनही त्यांचा आवाज खाली होता. "होत न्हाई ओ काटकर. एवढं सोपं केलं तरी होत न्हाई. लेकीचं ऐकावं लागतंय बहुतेक." मी 'बघू' म्हणालो. या शब्दानं आजवर कुणाचं काही झालेलं नाही.

दोन दिवसांनी पाणी आलं तेव्हा सर घरी नव्हते. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना गेले होते, मीच त्यांना स्कूटरवर नेलं होतं. तिथं फार वेळ गेला. परत आलो तर हॉलमध्ये भाभी सोफ्यावर बसून भाजी निवडत होत्या. टाकी काठोकाठ, पाणी काचेसारखं, मासे लालबुंद. पिंप भरलेलं. चिंधी कोपऱ्यात फेकलेली.

"किसने किया?" सर कुजबुजायचं विसरले.

"मैं की."

"चिंधी?"

"चिंधी कायको? नाक नहीं क्या मेरे को? ताजे पानी का बास आता." मग त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "भाऊ, पानी भरत आलं की आवाज बदलतो. घागर भरताना येतो तसा. आमी बाया लहानपनापास्नं ऐकतोय. ह्ये आपलं एक, दोन, एक, दोन."

सर खुर्चीवर बसले. एवढी डोकेफोड करून त्यांनी सगळ्या चुकांना जागा बंद केली होती, फक्त एक अडथळा तसाच उभा राहिला होता, आणि तो ते स्वतः होते. हे त्यांना कळलं असावं, कारण ते हसायला लागले आणि हसता हसता छाती धरून "हसवू नको, डॉक्टर नको म्हणालाय" असं म्हणायला लागले.

ऑपरेशन झालं. नीट झालं असंच पहिल्या दिवशी लेकीनं कळवलं होतं. पण सर परत आले ते मातीलाच. सोलापूरच्या उन्हात इतकी माणसं जमली होती, आणि त्यात निम्मे टक्कल पडलेले, पोट सुटलेले लोक, कुणी न सांगता ओळीत उभे राहिले होते. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही. त्यांच्यासारखं मला कुणी कामाला लावलं नव्हतं आणि त्यांच्यासारखं मला कुणी ओळखलंही नव्हतं.

भाभी पुण्याला गेल्या नाहीत. लेक महिनाभर येऊन राहिली, आईचं काम बघितलं, आणि पुन्हा पुण्याचं नाव काढलं नाही. पाण्याच्या दिवशी मी अजून खाली जातो. मदत करू का म्हणून विचारतो. भाभी मला लांब बसायला सांगतात.

सर मला आठवतात ते मात्र पुण्याला निघायच्या आदल्या दिवसाचे. त्या दिवशी पाणी आलं होतं. मी खाली उतरलो तर सर घराच्या बाहेर, दारासमोरच्या पायरीवर बसलेले. दार उघडं, आतून पाण्याचा आवाज.

"आत जा की सर."

"नको. मी गेलो की ती चुकती."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आत काठी काचेला हलकेच घासत होती. मग ती थांबली. एक तोटी बंद झाली, दुसरी उघडली. सर मान जरा तिरकी करून ऐकत होते. हात गुडघ्यावर, बोटं ताठ. पाण्याचा आवाज बारीक व्हायला लागला तशी त्यांची बोटंही हळूहळू आवळत गेली, आणि मीही श्वास रोखला. आवाज अगदी वर चढला आणि थांबला.

"बंद केली," सर म्हणाले. "वेळेवर बंद केली बघा."

त्यांनी डोळे पुसले, ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला नाही. मग कठड्याला धरून उठले.

"काटकर, तुमच्याकडं चहा पाजा की. मला काय आज काम न्हाई."

आम्ही जिना चढायला लागलो. सर पुढं, मी मागं. दर दोन-तीन पायऱ्यांना ते दम घ्यायला थांबत होते. पहिल्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी एकदाही मागं वळून आपल्या दाराकडं पाहिलं नाही.